बोटीच्या किचनचं काम देताय? आधी हे वाचा

ज्यांच्याकडे जुनी फायबरची बोट आहे किंवा सेकंडहँड घ्यायचा विचार चाललाय त्यांनी हे जरूर वाचा. बाकीच्यांनी पण वाचायला हरकत नाही, कारण घरच्या मॉड्युलर किचनमध्ये पण मिस्त्री लोक हेच करतात, फक्त तिथे बुडायची भीती नसते.

आम्हा तीन मित्रांची मिळून एक ३२ फुटी केबिनवाली बोट आहे, मांडव्याच्या बाजूला उभी असते. धंद्याची नाही, घरच्यापुरती, पावसाळ्यात वर ओढून घेतो. आत छोटं किचन आहे, दोन बर्नरची शेगडी, वीतभर सिंक, १२ व्होल्टचा फ्रीज आणि पाण्याचा पंप, बस. पण हे सगळं इतकं ठासून बसवलंय की आधी सामान ठेवून मग त्याच्याभोवती बोट बांधली असावी असं वाटतं. सिंकखालच्या कॉकपर्यंत (बोटीच्या अंगातल्या भोकावरचा, समुद्राचं पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह) पोचायचं तर जमिनीवर आडवं पडून खांद्यापर्यंत हात आत घालायचा, आणि तरीही फक्त बोटांची टोकं लागतात, दिसत काहीच नाही. फसवणूक झाली ती बरोब्बर या जागेत. जिथे आमची नजर पोचत होती तिथलं काम त्याने एक नंबर केलं, जिथे पोचत नव्हती तिथलं फक्त बिल केलं.

मागच्या पावसाळ्यात ओळखीतल्या ओळखीतून एका मरीन फिटरचा नंबर मिळाला. माणूस बोलायला एकदम गोड, बोटीत शिरल्या शिरल्या चार ठिकाणी टॉर्च मारून मान हलवली आणि म्हणाला, साहेब नशीब चांगलं म्हणून अजून तरंगताय. बोटवाल्याला घाबरवायला एवढं वाक्य पुरतं. मग व्हॉट्सॲपवर एस्टिमेट आलं, त्यात गनमेटलचे (तांबं-कथलाचा मिश्रधातू) इम्पोर्टेड सी-कॉक, म्हणजे तेच कॉक, क्लॅम्प आणि स्क्रू एसएस ३१६ (खाऱ्या पाण्यात टिकणारं स्टेनलेस स्टील), फ्रीजला नवीन कॉम्प्रेसर, मरीन गॅस लाईन, आणि खाली 'डिफिकल्ट ॲक्सेस लेबर' म्हणून वेगळे १८ हजार. एकूण ९४ हजार. जीएसटी बिल मागितलं तर म्हणे शेवटी देतो. पैसे भाच्याच्या नंबरवर यूपीआय करायला सांगितले.

आम्ही नोकरीवाले, शनिवार-रविवारीच जाणार, रो-रोने पलीकडे उतरून यार्डात पोचेपर्यंत दुपार. दर वेळी गेलो की पॅनल बंद आणि कडेने सिलिकॉन मारलेलं. उघडून दाखव म्हटलं की, दादा आत्ता उघडलं तर सीलंट तुटेल, परत दोन दिवस लागतील. जुने पार्ट कुठेत विचारलं तर, भंगारात टाकले, काय करायचेत तुम्हाला. इकडे नवीन सनमायका, चकाचक नळ, शेगडी पॉलिश केलेली. बायको म्हणाली घरचं किचन पण यालाच देऊया.

सीझनभर फ्रीजची कटकट चालूच होती, रात्री बंद पडायचा. फिटरला फोन केला की बॅटरी वीक आहे. बॅटरी नवीन घेतली, तरी तेच.

मग यंदा बोट वर घेतली तेव्हा आमच्या बोटीची देखभाल करतात ते तांडेलमामा सिंकखालचा कॉक बंद करायला गेले आणि हँडल तुटून हातात आलं. हँडल साध्या लोखंडाचं, वरून नुसतं प्लेटिंग. मामांनी सरळ पॅनल कापलं. आत जो 'गनमेटल' कॉक होता तो हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमसाठी मिळतो तो पितळी बॉल व्हॉल्व्ह. मामांनी सुरीने आटे खरवडले तर पिवळ्याच्या जागी गुलाबीसर रंग, भुसभुशीत. साध्या पितळेत तांब्याबरोबर जस्त भरपूर असतं, खाऱ्या पाण्यात ते जस्त आधी निघून जातं आणि मागे तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो, बाहेरून आकार तसाच पण ताकद शून्य. गनमेटलमध्ये कथील असतं आणि जस्त थोडंच, म्हणून ते टिकतं. तो कॉक पाण्याच्या लेव्हलखाली आहे. म्हणजे समुद्र आणि आमची पोरं झोपतात तो बंक, यांच्यामध्ये सीझनभर एवढंच होतं.

दुसरा कॉक तर बदललाच नव्हता, जुन्यालाच ब्राँझ कलरचा स्प्रे.

क्लॅम्पचं सांगतो. बरेच जण स्टीलला लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटलं नाही म्हणजे ३१६ असं समजतात. पण २०२, ३०४, ३१६ यातलं एकही साधारणपणे चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे ती टेस्ट इथे काही कामाची नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते तपासायला थेंब टाकून मॉली टेस्ट करतात, मोठ्या भंगारवाल्यांकडे ते किट असतं. आमचे क्लॅम्प टेस्टपर्यंत पोचलेच नाहीत, गंजून स्क्रू चिकटलेले, तोडूनच काढले.

आता गॅस. सगळ्यात जास्त राग मला याचा आलाय. मोबाईलचा कॅमेरा चालू करून फटीतून आत घातला आणि व्हिडिओ बघितला तर शेगडीमागून साधा हिरवा रबरी पाईप, मध्येच तुकडा पुरला नाही म्हणून जोड दिलेला, आणि तो जोड अगदी कोपऱ्यात, जिथे कुणी कधी बघणार नाही. साबणाचं पाणी ब्रशने लावलं, बुडबुडे आले. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात लीक झाला तर दार-खिडकी उघडून बाहेर काढता येतो, बोटीचा तळ चारी बाजूंनी बंद, गॅस खाली बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचतं त्या तळाच्या पोकळीत, जाऊन बसतो. आणि ते पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा स्विच तिथेच, एक ठिणगी पुरे. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून सीलबंद हवा आणि त्याच्या तळाला थेट बाहेर निघणारं भोक हवं, याने ते भोक फोमने बुजवून वर सनमायका मारला होता, फिनिशिंग म्हणून!

फ्रीजची गोष्ट ऐकून मात्र हसूच येईल. अलिबागचा एक इलेक्ट्रिशियन पोरगा आणला, त्याने बॅटरीवर मीटर लावला तर १२.६, फ्रीज चालू होताना त्याच्या टर्मिनलवर लावला तर १० च्या आसपास. वायर बारीक, आणि मधल्या जोडाला हिरवा गंज. हे कॉम्प्रेसर बॅटरी वाचवायला १०.४ च्या खाली आपोआप बंद होतात. म्हणजे कॉम्प्रेसर कधी बिघडलेलाच नव्हता. मग आम्ही २२ हजार दिले तो 'नवीन' कुठला? नखाने काळा रंग खरवडला, खाली स्टिकरवर डॅनफॉस. डॅनफॉसने हा धंदा २०१० मध्येच विकला, आता नवीन येतात त्यावर सेकॉप लिहिलेलं असतं. माझ्याकडे बोट घेतानाचे फोटो होते, सिरियल नंबर ताडून बघितला, आमचाच जुना.

तर कुणाला असं काम द्यायचं असेल तर पॅनल बंद करण्याआधी व्हिडिओ पाठवल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, आणि जुने पार्ट गोणीत भरून आपल्या ताब्यात घ्यायचे, सगळेच्या सगळे. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मशीनच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा. कॉक, क्लॅम्प, गॅसचा सुरक्षा पाईप स्वतः विकत आणा, फिटरने फक्त मजुरी घ्यावी. तो कुरकुरला की समजा त्याची कमाई मालातच होती. गॅसला मधे जोड चालत नाही, कुणी काहीही सांगू दे. आणि पॅनल कायमचं चिकटवू देऊ नका, स्क्रूवर निघणारी झडप करून घ्या. तिचे जास्तीचे पैसे द्या, पण करून घ्या. मुंबईत दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला, म्हणजे जहाजं तोडतात तिथे, जहाजाचा जुना माल चांगला मिळतो, आमचे आत्ताचे गनमेटल कॉक दारूखान्यातूनच आणलेत, फक्त फिटरच्या तोंडच्या 'अलंगचा माल आहे' यावर जाऊ नका.

फिटरला फोन केला होता. म्हणाला साहेब, समुद्राचं पाणी आहे, लोखंड खातं तिथे पितळेचं काय घेऊन बसलात. म्हणजे पितळ होतं हे त्यानेच कबूल केलं! त्यानंतर नंबर लागत नाही.

ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. पक्कं बिल नाहीये, पण एस्टिमेटचा मेसेज, यूपीआयच्या पावत्या, कॉकचे आणि कॉम्प्रेसरचे फोटो आहेत. वकील मैत्रीण म्हणते बोट घरगुती वापराची आहे हे नीट दाखवा, धंद्याची ठरली तर ग्राहक म्हणून उभं राहता येत नाही. भाच्याच्या खात्यावर पैसे गेलेत त्याचं काय करायचं ते ती बघतेय. कुणी या आयोगात बोटीच्या किंवा गाडीच्या कामाची केस चालवली असेल तर जरूर कळवा, एक्स्पर्टचा रिपोर्ट कुणाचा चालतो ते विचारायचंय.