एकमन ग्रॅब: तलावाच्या तळाचा गाळ काढायला घ्यावा का?

पिण्याच्या पाण्याच्या तलावावर गुणवत्ता तपासणीचं काम मी करते. पाण्याचा अहवाल निर्धोक आला की सगळे निश्चिंत होतात, पण शिसं, कॅडमियम, पारा बारीक चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि तळाशी बसतात. ते पाहायचं तर गाळच वर काढावा लागतो. त्यासाठी आम्ही स्टेनलेस स्टीलचा एकमन ग्रॅब, म्हणजे दोरीने तळाशी सोडून गाळाचा नमुना पकडून आणणारी पेटी, वापरतो.

स्वेन एकमन या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाची ही रचना १९११ची, आणि अजूनही तिला तोड नाही असं मला वाटतं. साधारण १५ सेंमी बाजूची चौकोनी पेटी, खाली स्प्रिंगचे दोन जबडे. पेटी खाली जाताना वरची झाकणं उघडतात आणि पाणी आरपार निघून जातं, त्यामुळे तळावरचा हलका थर फारसा उधळत नाही. टेकली की दोरीवरून वजन सोडायचं, ते आदळलं की जबडे मिटतात. वर आल्यावर झाकण उचलून वरचे एक-दोन सेंमी अलगद काढता येतात. अलीकडे काय साचलं ते याच थरात असतं! आमच्याकडे पूर्वी शेवाळ मारायला मोरचूद टाकत. त्यातलं तांबं पाण्यात दिसेना, गाळात मात्र सापडलं.

मऊ चिखलात हा ग्रॅब उत्तम. खडे, काटक्या, पाणवनस्पती असतील तिथे मात्र जबड्यात काहीतरी अडकतं आणि वर येईपर्यंत अर्धा गाळ धुऊन जातो. असा नमुना फेकून द्या, कारण धातू ज्या बारीक कणांवर असतात तेच आधी वाहून जातात. वारा असताना होडी सरकते, पेटी तिरकी पडते. वजनाने हलका असल्याचा हा तोटा.

दुसरी अडचण स्टीलची. त्यात क्रोमियम आणि निकेल असतात, म्हणून कडेचा गाळ कधीच घेऊ नका. मधला भाग प्लॅस्टिकच्या चमच्याने, आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत. ग्रॅब मात्र आम्लात बुडवू नका. ब्रशने घासून तलावाच्याच पाण्यात खळबळला की पुरे.

जुना इतिहास याने कळणार नाही. गाळाचे थर मिसळतात, त्यामुळे शिसे-२१० (शिशाचा किरणोत्सारी प्रकार) वरून थरांचं वय काढायचं असेल तर कोअररच हवा, म्हणजे थर न विस्कटता गाळाचा उभा स्तंभ काढणारी नळी.

उन्हाळ्यात खोल तलावात तळाशी ऑक्सिजन संपतो, लोह-मँगनीजचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांनी धरून ठेवलेलं अर्सेनिक पुन्हा पाण्यात उतरू शकतं. म्हणून त्या काळात गाळासोबत तळालगतच्या पाण्याचाही नमुना घ्या. छोट्या चमूने सुरुवात करायला मी हाच ग्रॅब सुचवेन, सोबत एक जादा स्प्रिंग मागून घ्या.