कुडाळातलं ग्रास कटर दुरुस्तीचं गॅरेज: मशीन वाचलं

आमची वेंगुर्ला-४ जातीच्या काजूची दीड एकर बाग आहे. दसऱ्याच्या आत बेणणी (बागेतलं गवत कापणं) झाली नाही तर पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. नेमकं तेव्हाच ग्रास कटर रुसला. चोक ओढला की चालू व्हायचा, रेस दिली की गप्प. जवळच्या एका दुकानात नेला, तर त्यांनी दोनदा दोरी ओढून बघितली आणि सांगितलं, बोअर-पिस्टन, म्हणजे इंजिनाचा मुख्य भागच गेला, ३,८०० रुपये लागतील. मशीन काही उघडलं नाही. ते मला पटलं नाही, म्हणून कुडाळला एमआयडीसीच्या रस्त्याला असलेल्या या छोट्या गॅरेजात आलो.

मिस्त्रींनी आधी टाकीचं झाकण काढून वास घेतला. "काकानू, पेट्रोल कधीचा?" जुलैपासून कॅनमध्ये होतं. त्यांनी ते काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. तळाला बोटभर वेगळा थर दिसत होता. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट खाली बसतं. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते.

मग त्यांनी केलेल्या कामासाठी मी हे लिहितोय. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून टॉर्च माझ्या हातात दिली आणि धुराच्या भोकातून आत बघायला सांगितलं. दोरी हळूहळू ओढली तसा पिस्टन वरखाली झाला. गुळगुळीत, एकही उभी रेघ नाही. "इंजिनाक काय झालेला नाय." ३,८०० रुपयांचा प्रश्न तिथेच मिटला.

खरा दोष कार्बोरेटरमध्ये होता. आतला डायफ्राम म्हणजे रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा काळा पातळ पडदा. इंजिनाच्या दाबाने तो फडफडतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. माझा जुना पडदा बोटाने दाबला तर कडक पापडासारखा वाजला, नवीन मात्र केळीच्या कोवळ्या पानासारखा लवला. शेजारची नखाएवढी जाळी चिकट झाली होती. टाकीतून निघते तिथे पेट्रोलची नळीही चिरलेली होती, त्यातून हवा ओढली जायची. असंच रेटून चालवलं असतं तर पेट्रोलबरोबर जाणारं ऑइलही कमी पडून पिस्टन खरोखर जळला असता, हे त्यांनी नीट समजावलं.

डायफ्रामचं किट १८०, नळी आणि फिल्टर १२०, मजुरी ३००. एकूण ६०० रुपये. जुने भाग कागदात बांधून परत दिले. शेवटी तंगूस (गवत कापणारी नायलॉनची दोरी) लावून मागच्या रानात पूर्ण रेसवर पाच मिनिटं चालवलं आणि कार्बोरेटरच्या पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणाऱ्या स्क्रूला किंचित मोकळीक दिली. माझ्या मशीनला एक लिटर पेट्रोलला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं. आमचा गडी अंदाजाने ओतायचा. त्यांनी औषधाचं मापाचं झाकण दिलं आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायला सांगितलं.

काही गोष्टी मला खटकल्या. पावती देत नाहीत, मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून दिली. आणि श्रावण ते दिवाळी गर्दी फार असते. मी सकाळी नऊला गेलो तरी माझ्या आधी चार मशीनं होती, दुपारचे दोन वाजले. फोनवर नंबर लावून घेत नाहीत. महागड्या परदेशी मशीनचे भाग त्यांच्याकडे नसतात, ते मागवावे लागतात.

काल, दुरुस्तीनंतर अकराव्या दिवशी, बागेची बेणणी पूर्ण झाली. पहिल्या ओढीला चालू होतं. तुम्ही नेणार असाल तर टाकीतलं जुनं पेट्रोल घरी ओतून टाकू नका, तसंच न्या. मिस्त्री आधी तेच बघतात.