ठिबकचं अनुदान, आणि मोबाइल नंबर दुसऱ्याचा

सांगोल्याकडं डाळिंब धरणाऱ्याला जानेवारीत दुसरं काही सुचत नाही. 2023 साली माझी दोन एकर बाग आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलं धरायला, पाणी तोडून ताणावर ठेवलेली होती, आणि ठिबकच्या जुन्या लॅटरल, म्हणजे झाडांपर्यंत पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या, उंदरांनी कुरतडून चाळण केलेल्या. नेमका त्याच आठवड्यात ठिबकवाला एजंट वस्तीवर आला. बोलणं गोड. "अण्णा, तुम्ही अल्पभूधारक. केंद्राचं 55 आणि राज्याचं 25, झालं 80 टक्के. 72 हजारांचा संच तुम्हाला 14,400 ला. ऑनलाइनचं मी बघतो."

ऑनलाइनचे म्हणून त्यानं वर 3,000 घेतले. महाडीबीटीवर, म्हणजे अनुदानाचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवर, अर्जाला तेव्हा 23 रुपये 60 पैसेच लागायचे, हे मला पुढं कळलं. आधारचा ओटीपी आला, तो मी सांगितला. सातबारा, 8-अ, पासबुक दिलं. आणि एक सही केलेला कोरा चेक. "फाईलला लावायला लागतो," म्हणाला. अनुदानाच्या फाईलला चेक कशाला, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. डोक्यात पाणी सोडायची तारीख होती.

चार दिवसांत संच बसला. पाइपवर आयएसआयचा शिक्का दिसेना, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आतल्या बाजूला असतो." आता हसू येतं. तेव्हा पटलं होतं.

पावसाळा गेला, खात्यावर रुपया नाही. दरवेळी एजंटाचं "वरून निधी नाही" हेच उत्तर. शेवटी कृषी सहायकांकडं गेलो. त्यांनी अर्ज उघडून दाखवला. सोडतीत माझं नाव लागलं होतं, पण कागद मुदतीत अपलोड न झाल्यानं अर्ज रद्द. मेसेज कुणाला गेला? प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर एजंटाचा! पोरानं पासवर्ड बदलायला घेतला, तर त्याचा ओटीपीही एजंटाच्याच फोनवर.

सहायक म्हणाले, मुदत पाळली असती तरी अडचण होतीच. आधी निवड, मग कागद, मग पूर्वसंमती, आणि ही पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची मंजुरी, हातात आल्यावर खरेदी. त्यानंतर बिल चढवायचं, शेतात येऊन मोका तपासणी होते, आणि पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. माझं बिल तर निवडीच्याही आधीच्या तारखेचं. शिवाय ते 80 टक्के दुकानदाराच्या बिलावर नसतात, शासनानं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात. म्हणजे 14,400 चा हिशेब मुळातच बनावट.

मी जाब विचारायला गेलो तर उलटंच झालं. "अनुदान आलं नाही, तर संचाचे उरलेले 57,600 द्या, नाहीतर चेक बँकेत टाकतो." गावातल्या दोघांना मध्ये घालून 30 हजारांवर तोडलं आणि चेक परत घेऊन फाडला. पोलिसात का गेला नाही, असं बायको अजून विचारते. चेकवर सही माझी होती, भीती वाटली, दुसरं काय.

त्या लॅटरल दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकल्या.

गेल्या महिन्यात तो एजंट शेजारच्या वस्तीवर चहा पिताना दिसला. मी बांधावरूनच शेजाऱ्याला हाक मारली, "दादा, अर्जात नंबर कुणाचा टाकलाय तेवढं बघ." एजंटानं कप खाली ठेवला आणि गाडीला किक मारली.