समांतर ओटा की एल : आमच्याकडे निकाल ड्राय बाल्कनीने दिला

समांतर म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींना दोन ओटे, एल म्हणजे कोपऱ्यात वळून लगतच्या दोन भिंतींना लागलेला एकच ओटा. मी दोन्ही वापरले आहेत. सिंहगड रस्त्यावरच्या जुन्या घरात अकरा वर्षं समांतर ओटा होता, आता वारज्याच्या घरात तीन वर्षं एल आहे. ग्रॅनाइट घ्यावा की क्वार्ट्झ, प्लाय कुठला, ट्रॉल्यांना चॅनल कुठले, हे तुम्ही एव्हाना पाठ केलं असेल, म्हणून ते सोडून देतो. यू आकारही सोडतो. आठ फूट रुंदीच्या खोलीत तिन्ही बाजूंनी ओटा घेतला की मध्ये एकच माणूस मावतो, आणि तो फिरतो कमी, अडकतो जास्त. आयलंडबद्दल, म्हणजे खोलीच्या मधोमध सुट्या उभ्या ओट्याबद्दल, तर आपण बोलूच नये.

दोन्ही घरांतलं स्वयंपाकघर जवळपास सारखंच: आठ बाय दहा. पुण्यातल्या टू बीएचकेत बहुधा असंच मिळतं. एका आखूड भिंतीत हॉलकडून येणारं दार, समोरच्या आखूड भिंतीत ड्राय बाल्कनीचं दार. या दोन दारांकडे आत्ताच लक्ष द्या. पुढचं बरंचसं त्यांच्यावरच आहे.

समांतर ओट्याची बाजू आधी मांडतो, कारण हिशेबात तोच जिंकतो. दोन्ही लांब भिंतींना दहा-दहा फूट धरले तर वीस फूट ओटा मिळतो. माझा एल पूर्वेच्या भिंतीला दहा फूट आहे आणि उत्तरेला साडेपाच. कोपऱ्यातले दोन फूट दोनदा मोजले जातात, ते वजा केले की साडेतेरा उरतात. म्हणजे साडेसहा फूट ओटा मी राजीखुशीने सोडला, आणि त्याखालच्या ट्रॉल्याही. दिवाळीच्या चार दिवसांत, एका बाजूला चकलीची भाजणी मळलेली, दुसरीकडे करंज्यांचं सारण गार होत असताना, हे साडेसहा फूट आजही आठवतात.

शिवाय समांतर ओट्याला कोपरा नसतो. सुतार, ट्रॉलीवाले, इंटिरियरवाले, सगळे एलच्या कोपऱ्याला नावं ठेवतात. खाली दोन बाय दोन फुटांचं काळं भोक. हात घालायचा तर गुडघ्यावर बसायचं. त्यावर कॅरोसेल (फिरती फळी) नाहीतर मॅजिक कॉर्नर (बाहेर ओढून येणारे रॅक) सुचवतात, आणि त्याची किंमत ऐकून आपण पुन्हा समांतरकडे वळतो. मीही पहिल्यांदा तसाच वळलो होतो.

समांतर ओट्याचं घराणंही चांगलं आहे. 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जे स्वयंपाकघर आखलं ते जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं, म्हणजे सव्वासहा बाय अकरा फूट. नमुना म्हणून त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर समोर ठेवलं होतं. बाईने कमीत कमी पावलं टाकावीत, वळलं की वस्तू हाताशी यावी, असा सगळा बेत. आज आपण मॉड्युलर म्हणून जे घेतो त्याची ही पणजी. पण त्या नकाशात टोकाला काय आहे ते बघा. टोकाला खिडकी आहे. तिथून पलीकडे कोणी कुठे जात नाही.

आमच्या टोकाला ड्राय बाल्कनी होती. तिथे वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी, कपड्यांची दोरी, केरसुणी आणि आईची तुळस. घरातल्या प्रत्येकाला दिवसातून चार वेळा तिकडे काम, आणि जायची वाट एकच, दोन ओट्यांच्या मधली. नकाशावर ती चार फूट होती. प्रत्यक्षात फ्रिज ओट्याच्या सात-आठ इंच पुढे आलेला, वर त्याचं हँडल. गॅससमोर माणूस उभा राहिला की मागे दीड फूट उरायचा. तेवढ्यातून धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जायचं.

त्या अकरा वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य म्हणजे "सरक जरा". सकाळी साडेसहा ते साडेआठ तर त्याचा जपच. बायको पोळ्या लाटतेय, मी समोरच्या सिंकवर भाजी धुतोय, पाठीला पाठ लागलेली. तेवढ्यात भांड्यांच्या मावशी: "दादा, सरका जरा." मग मुलाला दोरीवरचा गणवेश हवा. मग आई तुळशीला पाणी घालायला, तांब्या काठोकाठ भरलेला. प्रत्येक वेळी बायकोने पोळी तव्यावर सोडून पोटाने ओट्याला चिकटायचं. चिडचीड मोठी नसते हो. पण दिवसाला वीस-पंचवीस वेळा होणारी छोटी चिडचीड अकरा वर्षांनी कुठे जाते, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

शेवटचा घाव माझ्या पायावर पडला. उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं गॅसवरून उचललं आणि पाणी काढायला सिंककडे वळलो, कारण समांतरमध्ये वळावंच लागतं. त्याच क्षणी मागून बादली आली. चूक कोणाचीच नाही. डाव्या पावलावर उकळतं पाणी आणि दहा दिवस चप्पल नाही. त्या दहा दिवसांत बसल्या बसल्या मी पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघराकडे नीट पाहिलं. तो एक बोळ होता, आणि बोळात आम्ही चूल मांडली होती.

मग वाचलं की हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या नावाने 1940च्या दशकापासून चालत आलेला तो प्रसिद्ध त्रिकोण, गॅस-सिंक-फ्रिज, त्यातली बेरीज सगळे सांगतात: तिन्ही बाजू मिळून 13 ते 26 फूट. आमचा जुना त्रिकोण त्यात बसत होता, तेराच्या जवळपास. एलचा अठराच्या आसपास आहे, म्हणजे तोही बसतो. पण त्याच नियमांत आणखी एक ओळ असते, जी आमच्या इंटिरियरवाल्याने कधी उच्चारली नाही: घरातली वर्दळ या त्रिकोणातून जाता कामा नये.

नवं घर घेतलं तेव्हा इमारत अजून स्लॅबवर होती. विटकाम व्हायच्या आधी बिल्डरकडे गेलो आणि दोन्ही दारं आखूड भिंतींच्या मधून काढून पश्चिमेच्या टोकाला सरकवून मागितली. त्या भिंती भाराच्या नव्हत्या. थोडे पैसे भरले, काम झालं. आता ये-जा पश्चिमेच्या भिंतीलगत सरळ होते आणि ओटा पूर्व-उत्तर कोपऱ्यात एल होऊन बाजूला उभा आहे. ओट्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सहा फूट मोकळे. स्वयंपाक करणाऱ्याला अडीच-तीन द्या, तरी बादलीला तीन उरतात. गॅस लांब भिंतीला असल्याने तोंड पूर्वेला होतं. आईने तेवढ्यावर बाकी सगळ्याला मंजुरी दिली. मी ते वास्तूसाठी केलेलं नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आता एलच्या तक्रारी, कारण त्या आहेत.

कोपरा खरंच अडचणीचा आहे. पण मला वाटतं, तो रोजच्या वस्तूंसाठी अडचणीचा आहे. आपल्या घरात वर्षाला एकदा लागणाऱ्या वस्तू काय कमी असतात? चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, मोठी परात, पाहुण्यांची जाड बुडाची पातेली. त्या सगळ्या तिथे गेल्या. मॅजिक कॉर्नर घेतला नाही, साधी फळी टाकली. गणपतीच्या आदल्या दिवशी एकदा गुडघ्यावर बसतो. कोपऱ्याच्या वरच्या ओट्याचं म्हणाल, तर तिथे कणकेचा डबा, तुपाची वाटी आणि पोळ्यांचा डबा कायमचे बसलेत. कोपरा आणि गॅस यांच्यामध्ये दोन फूट पोळपाटासाठी सोडले. बायकोच्या मते ही पूर्ण घरातली एकमेव जागा आहे जी मोजून केल्यासारखी वाटते.

कोपऱ्याजवळ एक चूक मात्र झाली. दोन्ही बाजूंच्या ट्रॉल्या थेट कोपऱ्याला भिडवल्या, त्यामुळे एकीचं हँडल दुसरीला अडायचं. नंतर एका बाजूची ट्रॉली अरुंद करून घ्यावी लागली. कोपऱ्यात दोन-तीन इंचांची बंद पट्टी सोडायला आधीच सांगा.

दुसरी तक्रार: दोघं काम करताना एलमध्ये कोपरं लागतात. ती पोळपाटावर, मी उत्तरेच्या खिडकीखालच्या सिंकवर, तर आमच्या कोपरांची गाठ पडते. समांतरमध्ये पाठ लागायची. पाठीपेक्षा कोपर बरं, असं माझं मत. बायको अजून ठरवतेय.

जागा कमी पडते, हेही खरं. ती मी पश्चिमेच्या भिंतीवर एक फूट खोल उभं फडताळ करून थोडी भरून काढली. त्यात डबे एकामागे एक न राहता एका रांगेत राहतात, म्हणून दोन फुटी ट्रॉलीपेक्षा मला तेच जास्त आवडायला लागलंय. वाटेतला तेवढा फूट गेला, पण अजून कोणी "सरक" म्हटलेलं नाही.

पाण्याबद्दल बहुतेक लोक विचार करत नाहीत. समांतरमध्ये धुतलेली भाजी सिंकवरून समोरच्या गॅसपर्यंत हवेतून जाते आणि वाटेत ठिबकते. व्हिट्रिफाइड फरशीवर ते ठिबकलेलं दिसतही नाही, पाय ठेवला की कळतं. एलमध्ये पाणी ओट्यावरून ओट्यावरच सरकतं, फडका फिरवला की झालं. माझ्या पायाच्या इतिहासामुळे कदाचित मी याला जास्त महत्त्व देत असेन.

ठरवण्याआधी एक करून बघा. खोली रिकामी असताना जमिनीवर खडूने दोन्ही आराखडे काढा. ओटा दोन फूट, फ्रिज त्याच्या पुढे येतो तेवढा पुढे, दार उघडलेल्या अवस्थेत. एकाला खडूच्या गॅससमोर उभं करा आणि तुम्ही हॉलपासून ड्राय बाल्कनीपर्यंत भरलेली बादली घेऊन चाला. घरात जेवढी माणसं, तेवढे वेळा. आम्ही हे केलं तेव्हा समांतरमध्ये बायको तिसऱ्या फेरीला हसायची थांबली.

आणि दारं हलणार नसतील, ती भिंतीच्या मधोमधच राहणार असतील, तर एल घेऊनही वाट तुमच्या पाठीमागूनच जाणार. तेव्हा फरक थोडा कमी पडतो, तरी एका बाजूला ओटा नसल्याने बादलीला अंग चोरायला जागा राहते. सिंक हलवायचा असेल तर आउटलेटच्या पाइपला उतार मिळतोय का, ते फरशी बसण्याआधी प्लंबरकडून बघून घ्या.

गेल्या महिन्यात धायरीच्या मावसबहिणीने विचारलं, दादा, आमच्याकडे काय करू? तिचा फ्लॅट बघून आलो. ड्राय बाल्कनी मागच्या बेडरूममधून उघडते, स्वयंपाकघराच्या टोकाला फक्त खिडकी, आणि घरात ती दोघंच. मी तिला समांतर घ्यायला सांगितलं. फ्रिज तेवढा बाहेर हॉलच्या कोनाड्यात ठेव, म्हटलं.