एकट्यानं सायकल आणि चढाई: सिंहगड की पुरंदर?

पुतण्याला एका दिवसात सायकल आणि गडाची चढाई दोन्ही करायचंय, तेही एकट्याला.

स्वारगेटहून सिंहगडाच्या पायथ्याची आतकरवाडी पंचवीसेक किलोमीटर, खडकवासल्यापर्यंत रस्ता बराचसा सपाट. पुरंदर चाळीसच्या आसपास, वाटेत बोपदेव घाट.

एकट्याला खरा घोर सायकलचा. आतकरवाडीत मी टपरीवाल्या मावशींकडे सरबत घेतो, त्यांच्या नजरेसमोर खांबाला साखळीनं सायकल बांधतो. मग तासा-दीड तासाची खडी पायवाट, थेट पुणे दरवाजा. उतरताना सुट्या मातीवर पाय घसरतो, पण रविवारी हाकेला माणूस असतोच. वर पिठलं-भाकरी!

पुरंदर लष्कराच्या ताब्यात, ओळखपत्र हवंच. रस्ता बराच वर जातो, पायी चढायचं ते माथ्यावरच्या केदारेश्वराच्या देवळापर्यंत.

पहिल्यांदा निघालेल्यानं सिंहगड करावा. घाट अंगवळणी पडलेत, सायकलच जास्त हाणायचीय, त्यानं पुरंदर.