डाळिंबाच्या काड्यांसाठी मायकोरायझा पावडर : पैसे कधी वसूल होतात?

कृषी सेवा केंद्रात ही पुडी बहुतेकदा ‘मुळ्या फोडणारी’ म्हणून विकली जाते. मुळ्या फोडण्याचं काम आयबीए या संप्रेरकाचं. मायकोरायझा म्हणजे मुळांत राहून रोपाला स्फुरद मिळवून देणारी बुरशी; जिवंत मुळीशिवाय ती वाढूच शकत नाही, त्यामुळे बिनमुळाच्या काडीला ही पावडर चोळणं म्हणजे पैसे वाया. अस्सल पावडर घेण्यासारखी नक्की आहे, पण ती काडीला नव्हे, रोपाला द्यायची.

‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची पेन्सिलीएवढी जाड, २० ते २५ सेंमीची पक्व काडी घ्या. बुडाचा काप डोळ्याच्या लगेच खाली. २००० पीपीएम आयबीएत काही सेकंद बुडवून कोकोपीटमध्ये लावा. पांढरी मुळी दोन-तीन सेंमी झाली की पिशवीत हलवताना खड्ड्यात पावडर टाका आणि मुळी थेट तिच्यावर टेकवा. वरून भुरभुरलेली पावडर मुळीपर्यंत पोचत नाही. मातीत वाढवलेली पावडर पिशवीला ५ ते १० ग्रॅम पुरते; प्रयोगशाळेत वाढवलेली संहत पावडर फार कमी लागते. लेबलवर प्रतिग्रॅम किती प्रोपॅग्यूल (बुरशी उगवू शकेल असे जिवंत कण) आहेत, हे छापलेलंच नसेल तर ती पुडी घेऊ नका.

बिघडतं ते बहुतेक खतामुळे. मिश्रणात डीएपी किंवा सुपर फॉस्फेट सढळ हाताने पडलं की रोपाला आयता स्फुरद मिळतो, मग ते बुरशीला साखर पुरवत नाही आणि ती मुळीत शिरत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही तिला घातक.

काड्या कोकोपीटमध्ये असताना कुज रोखायला ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी जास्त कामाची, कारण तिला मुळी लागत नाही. १ टक्का डब्ल्यूपी (पाण्यात मिसळणारी पावडर), प्रतिग्रॅम किमान २० लाख सीएफयूची (म्हणजे तितके जिवंत कण असलेली), लिटर पाण्याला ५ ग्रॅम. मात्र ट्रायकोडर्मा इतर बुरशींवर जगणारा आहे. मायकोरायझासोबत त्याच दिवशी देऊ नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

पिशवीत पांढरा कापूस दिसला म्हणजे मायकोरायझा लागला, असं दुकानदार सांगतात. तो कापूस दुसऱ्याच बुरशीचा असतो. मुळीच्या आतला मायकोरायझा ट्रायपॅन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. ती सोय नसेल तर थोड्या पिशव्या पावडरीशिवाय ठेवून वाढ ताडून पाहा.

गुलाब, अंजीर, मोगऱ्याच्या छाट कलमांनाही हीच पावडर चालते. कोबी, फ्लॉवर, मोहरीच्या रोपांना मात्र घेऊ नका. त्यांच्या मुळांत ही बुरशी नांदत नाही.