हँडल दाबून न कळणारा चिमटा

सायकलच्या दुकानात गेलेला माणूस पुढचा शॉकअप, म्हणजे पुढचे चाक धरून धक्के सोसणारा चिमटा किंवा फोर्क, पाहताना सर्वांत आधी ब्रेक आवळतो आणि हँडलवर दोन्ही हातांनी भार देतो. चिमटा लोण्यासारखा खाली गेला की त्याचा चेहरा खुलतो, आणि जागचा हलला नाही की ‘जाम झालाय’ असा शेरा पडतो. खड्ड्यांतून रोज कामाला जाणाऱ्यासाठी ही परीक्षा अगदीच निरुपयोगी नाही. मात्र ज्याला कट्ट्यावरून उडी मारायची आहे, पुढच्या चाकावर सायकल उभी करून वळवायची आहे आणि मागच्या चाकावर तोल सांभाळत एका चिऱ्यावरून दुसऱ्या चिऱ्यावर जायचे आहे, अशा स्ट्रीट आणि ट्रायल्सच्या माणसाला ती हमखास फसवते. रॉकशॉक्स कंपनीचा पाईक डीजे हा 100 मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा खाली दबणारा, फोर्क मी दोन पावसाळे वापरला आहे. या खेळात फोर्कचे गुणदोष तो कोणत्या फ्रेमवर आणि कशासाठी बसवला यावर ठरतात, म्हणून त्याविषयी लिहिताना तो का निवडला हेही सांगावे लागेल.

माझ्या 26 इंची सायकलवर मुळात आलेला फोर्क स्वस्तातला, स्प्रिंगचा आणि दुकानात दाबून पाहताना फार गोड वाटणारा होता. रायबंदरला आमच्या घरामागे चिऱ्याचे दोन कट्टे आहेत, एक गुडघ्याएवढा आणि एक कमरेएवढा. त्यांवर सहा महिने सराव केल्यावर फोर्कच्या आतल्या बुशी इतक्या झिजल्या, की पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवली तर कटकट असा आवाज स्पष्ट ऐकू येई. त्याहून त्रासाचे म्हणजे पुढच्या चाकावर वळताना हँडल एकीकडे आणि चाक किंचित दुसरीकडे जाई, कारण बारीक नळ्या आणि 9 मिलिमीटरचा क्विक रिलीज एक्सल यांना पीळ सोसण्याची ताकद नव्हती. पणजीतल्या ज्या मिस्त्रीकडे मी जातो त्याने नट आवळून पाहिले, ग्रीस भरले आणि शेवटी, ‘बाबा, ही सायकल रस्त्याची, तू हिच्यावर माकडउड्या मारतोस,’ असे सांगून हात झटकले. त्याचे बोलणे रास्त होते.

उडीतला धक्का नक्की कोण सोसतो हे एकदा आकड्यांत मांडून पाहिले की निवड बरीच सोपी होते. माझे वजन आणि सायकलचे वजन मिळून 80 किलो होते. एक मीटर उंचीवरून हे वजन खाली येते तेव्हा सुमारे 785 ज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. घोटे, गुडघे, कंबर आणि कोपर एकत्र वाकले तर शरीर अर्ध्या मीटरच्या आसपास खाली बसू शकते, तर फोर्ककडे देण्यासारखे अंतर असते जेमतेम दहा सेंटीमीटर. म्हणजे मुख्य शॉकअप माणूस स्वतःच असतो, आणि फोर्कने फक्त शेवटचा टणका मनगटांपर्यंत पोहोचू द्यायचा नसतो. उडी घेण्यासाठी आपण सायकल खाली रेटून वर उचलतो, त्या क्षणी मऊ फोर्क आपल्या जोरातला वाटा गिळतो आणि पुढचे चाक अपेक्षेपेक्षा बोटभर खालीच राहते. कट्ट्याच्या कडेला हे बोटभर अंतर फार महागात पडते.

दुसरा हिशेब कोनाचा आहे. फोर्कची लांबी 20 मिलिमीटरने बदलली की हेड ट्यूबचा, म्हणजे फोर्क जिच्यात फिरतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा, कोन ढोबळमानाने एका अंशाने बदलतो. पुढचा ब्रेक आवळून मागचे चाक उचलले की सगळे वजन पुढे येते. अशा वेळी 100 मिलिमीटरचा मऊ फोर्क तळापर्यंत बसला, तर 69 अंशांचा कोन 74 अंशांकडे जातो आणि सायकल डोक्यावरून पालथी होऊ पाहते. त्यामुळे ट्रॅव्हल जेवढे जास्त तेवढे चांगले ही डोंगरी सायकलवाल्यांची समजूत इथे उलटी लागू होते. स्ट्रीटसाठी 80 ते 100 मिलिमीटर पुरतात. निव्वळ ट्रायल्ससाठी माझे मत स्पष्ट आहे, की शॉकअप घेऊच नये. जागतिक स्पर्धांत 20 आणि 26 इंची चाकांवर जे ट्रायल्स खेळले जाते ते सरळ, न हलणाऱ्या चिमट्यांवरच, आणि स्कॉटलंडचा डॅनी मॅकअस्किल 2009 साली ज्या 24 इंची सायकलवर जगाला माहीत झाला तिलाही पुढे शॉकअप नव्हता. शिवाय ट्रायल्सवाल्यांचा आवडता माग्युरा एचएस33 हा रिमवर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक बसवण्याची जागाच आजच्या बहुतेक शॉकअप फोर्कवर नसते.

तरीही मी शॉकअप घेतला, कारण माझी फ्रेम डर्ट जंपची, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारण्यासाठीची, म्हणजे 100 मिलिमीटरचा फोर्क गृहीत धरूनच बनवलेली आहे. हे तपासल्याशिवाय कोणीही पैसे मोजू नयेत. सरळ चिमट्यासाठी बनवलेल्या ट्रायल्सच्या फ्रेमवर एक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कच्या दोन नळ्या वर जिथे जोडतात तिथपर्यंतची) लांबी 420 मिलिमीटर धरलेली असेल आणि तिथे 470 मिलिमीटरचा फोर्क घुसवला, तर कोन अडीच अंशांनी मागे झुकतो, पेडलांचा मधला एक्सल दोनेक सेंटीमीटर वर उचलला जातो आणि हेड ट्यूबच्या जोडावर पडणारा ताण लांब तरफेमुळे वाढतो. तो जोड वेल्डिंगचा असतो, आणि तो सुटला की दात आपलेच जातात.

मोजमापांचा सगळ्यात किचकट भाग म्हणजे स्टीअरर, फोर्कची हेड ट्यूबमध्ये जाणारी नळी, आणि माझा वेळ आणि पैसा वाया गेला तोही याच भागात. पाईक डीजेची स्टीअरर नळी टेपर्ड आहे, म्हणजे वर 1 पूर्णांक 1/8 इंच आणि खाली दीड इंच. जुन्या फ्रेमची हेड ट्यूब आतून 34 मिलिमीटरची असेल तर हा फोर्क तिच्यात कोणत्याही युक्तीने बसत नाही. आतला व्यास 44 मिलिमीटर असेल तर खालचा कप बाहेर राहणारा हेडसेट (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगचा संच) वापरून तो बसतो. माझी फ्रेम 44ची निघाली, पण ती मोजण्यासाठी व्हर्नियर लावायचे मला सुचले ते पहिला सौदा फसल्यानंतर. वापरलेला फोर्क ऑनलाइन विकणाऱ्या एका माणसाने एक्सल 15 मिलिमीटरचा असल्याचे सांगितले होते, आणि खोके उघडल्यावर निघाला 20 चा, तोही दुसऱ्याच बनावटीचा. त्याने माल परत घेतला, पण पाठवण्याचा खर्च माझ्या खिशातून गेला. हे आकडे आधी पाहावेत, कारण 15 बाय 100, 15 बाय 110 आणि 20 बाय 110 (एक्सलचा व्यास बाय हबची रुंदी, मिलिमीटरमध्ये) हे तीन वेगळे एक्सल आहेत आणि हब त्यांच्याशी जुळला नाही तर नवे चाक बांधून घ्यावे लागते. पाईक डीजेला 15 बाय 100 चा हब लागतो. बाहेर राहणाऱ्या खालच्या कपमुळे माझ्या सायकलचे तोंड सुमारे 12 मिलिमीटरने वर आले, ते मी हँडलखालचे स्पेसर काढून भरून काढले. कोन मात्र अर्ध्या अंशाने बदलला तो बदललाच.

पाईकच का, तर वरच्या नळ्यांच्या जाडीसाठी. त्या 35 मिलिमीटरच्या आहेत. त्याच कंपनीचा जुना आर्गाईल 32 चा होता आणि आजही वापरलेल्या डर्ट जंप सायकलींवर तो खूप दिसतो. तीन मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण भिंतीची जाडी तेवढीच धरली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 32 वरून 35 वर जाताना जवळपास तीस टक्क्यांनी. पुढच्या चाकावर वळताना हा फरक हातांना थेट कळतो. हँडल जिकडे, चाक तिकडे.

मार्झोकीच्या जुन्या डर्ट जंपर फोर्कवर फिरण्याची संधी मला एका मित्रामुळे मिळाली, आणि त्याच्याविषयी दोन चांगले शब्द लिहायलाच हवेत. त्यात हवा नाही, स्प्रिंग आहे, पायांत, म्हणजे फोर्कच्या खालच्या नळकांड्यांत, मोकळे तेल आहे, एक्सल 20 मिलिमीटरचा आहे, आणि वजन अडीच किलोच्या आसपास असल्यामुळे पुढचे चाक उचलताना खांदे बोलतात. पण पहिल्या मिलिमीटरपासून त्याची चाल इतकी एकसारखी आहे, की नवा शिकणारा त्यावर जास्त रमेल. अडचण सुट्या भागांची आहे. इटलीतल्या बोलोन्याजवळची ही जुनी कंपनी 2008 मध्ये टेनेको या अमेरिकी कंपनीकडे गेली आणि 2015 मध्ये तिचा सायकलचा व्यवसाय फॉक्सने घेतला. त्याआधीच्या फोर्कचे सील (तेल आत आणि धूळ बाहेर ठेवणारे रबरी भाग) गोव्यात बसून शोधणे म्हणजे जुन्या बाजारात देव शोधण्यासारखे आहे. मॅनिटूचा सर्कसही याच कामासाठी बनलेला आहे. त्याची दोन पायांना जोडणारी कमान मागच्या बाजूला असते, दिसायला वेगळा आणि बरा. पण तो मी स्वतः चालवलेला नाही, म्हणून त्यावर मत देत नाही.

पाईकमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा आहे, आणि स्ट्रीटसाठी हवेचा स्वभाव सोयीचा पडतो. हवा जसजशी दबते तसतशी ती जास्त जोराने उलटते, त्यामुळे फोर्क सुरुवातीला थोडा देतो आणि शेवटाकडे घट्ट होत जातो. हवेच्या कप्प्यात बॉटमलेस टोकन नावाच्या प्लास्टिकच्या चकत्या घातल्या की शेवटचा भाग आणखी घट्ट होतो. मी दोन घातल्या आहेत. वजन टाकून उभे राहिल्यावर फोर्क किती बसतो ते नळीवरच्या रबरी कड्याने मोजता येते. डोंगरवाटेसाठी ट्रॅव्हलच्या वीस ते तीस टक्के बसू देतात, इथे दहा ते पंधरा टक्के पुरतात, आणि माझा फोर्क 12 मिलिमीटर बसतो. हवा भरायला शॉकचा खास छोटा पंपच लागतो, कारण कप्पा एवढा लहान आहे की चाकाच्या पंपाच्या एका दाबातच अंदाज चुकतो. पंप काढताना फुस्स असा आवाज येतो तो नळीतल्या हवेचा असतो, फोर्कमधल्या नव्हे. हे ठाऊक नसल्यामुळे मी पहिल्या आठवड्यात रोज उगाच जास्त हवा भरत होतो. उजव्या पायाच्या तळाशी लाल चावी आहे, ती फोर्क परत वर येण्याचा वेग ठरवते. ती फार मोकळी ठेवली तर उतरल्यावर सायकल चेंडूसारखी उसळते, आणि फार आवळली तर ओळीने तीन पायऱ्या उतरताना तिसरीवर फोर्क अजून पहिलीचाच धक्का पचवत असतो. पायऱ्यांचा हा प्रयोग मी घराच्या पायऱ्यांवर केला. देवळाच्या किंवा चर्चच्या पायऱ्यांवर तो कोणीही करू नये, तशी परवानगीही मागू नये.

आता गोव्याच्या हवेविषयी. रायबंदरहून पणजीला जाणारा जुना बांध मिठागरांच्या बाजूने जातो, आणि तिथला वारा लोखंडाला वर्षभर खात असतो. त्यावर सुमारे 3000 मिलिमीटरचा पावसाळा, आणि कोरड्या दिवसांत जांभ्याची तांबडी धूळ, जी सीलच्या ओठाशी बसली की कानसेसारखी घासते. रॉकशॉक्स दर 50 तासांनी खालचे पाय उघडून साफ करायला सांगते. मी पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि गणेशचतुर्थीनंतर एकदा असे दोनदा हमखास उघडतो. आधी हवा सोडायची, लाल चावी काढायची, तळाचे बोल्ट पाच मिलिमीटरच्या ॲलन कीने दोन-तीन फेरे सैल करून त्यांवर रबरी हातोडीने हलकेच टकटक करायची, म्हणजे पाय सुटून हातात येतात. पहिल्या वर्षी सप्टेंबरात त्यांतून निघालेले तेल दूध न घातलेल्या चहाच्या रंगाचे होते आणि सीलखालच्या स्पंजच्या चकत्या तांबूस झाल्या होत्या. त्या धुऊन, नव्या तेलात भिजवून परत बसवल्यावर फोर्कची सुरुवातीची चाल पुन्हा नव्यासारखी झाली. हे काम घरी जमत नसेल त्यांनी मिस्त्रीला एकच गोष्ट निक्षून सांगावी, की रॉकेल किंवा डिझेलचा बोळा नळ्यांवर फिरवायचा नाही. त्याने सीलमागचे ग्रीस धुऊन जाते आणि फोर्क वरून चकाचक, आतून कोरडा राहतो.

पाईक डीजेच्या उण्या बाजू दोनच, पण ठळक आहेत. नवा घ्यायचा तर आपल्याकडे त्याची किंमत अनेकांच्या पूर्ण सायकलीएवढी होते. मी पुण्याच्या एका सायकलस्वाराकडून वापरलेला 24 हजारांना घेतला, आणि तेही घरी सांगताना थोडे कमी करूनच सांगितले. दुसरे म्हणजे तो फक्त 26 इंची चाकांसाठी आहे, त्यामुळे पुढे फ्रेम बदलून मोठ्या चाकांकडे वळायचे झाले तर फोर्क सोबत येणार नाही.

वापरलेला घेताना मी जे पाहिले ते असे, की नळ्यांवरून वरपासून खालपर्यंत नख फिरवले, आणि जिथे नख अडले तिथे ओरखडा किती खोल आहे ते उजेडात पाहिले. सीलच्या प्रवासात येणारा ओरखडा असता तर मी परत फिरलो असतो. माझ्या फोर्कवर डाव्या नळीच्या अगदी वर, क्राउनलगत, एक खरचटा होता. सील तिथवर पोहोचतच नाही, म्हणून त्याच्या नावाने मी पंधराशे रुपये कमी करून घेतले.